गुरुवारची उपासना

२०११ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो. फौंड्रीतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, गुडघे शाबूत होते आणि आमच्या मंडळीत मला विचारल्याशिवाय खुर्चीसुद्धा हलत नव्हती. मंडळी म्हणजे आमचं चर्च, ल्यूथरन. कासारवाडीच्या पलीकडं, एका वर्कशॉपच्या मागं पत्र्याचा हॉल. साठ-सत्तर माणसं, बहुतेक बुलढाणा-जालन्याकडून पोटासाठी आलेली. मी तिथला पंच. शिक्षण तिसरी. पण पवित्र शास्त्र मी ओळीखाली बोट ठेवून तीनदा पुरं वाचलं आहे, हे मी भेटेल त्याला सांगत आलो. बघा, इथंही सांगितलंच.

आता पुन्हा तोच काळ आला आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस, आम्ही त्याला लेंट म्हणतो. लग्नं नाहीत, मटण नाही, बाया गजरा माळत नाहीत, आणि रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना. कुणाचं घर कुठल्या दिवशी, त्याचा कागद मी करायचो. नेमका हाच काळ कंपन्यांचा मार्च एंड. देव म्हणतो थांबा, साहेब म्हणतो ओव्हरटाइम. आमची माणसं दोघांच्या मधे. शिफ्ट संपवून तशीच प्रार्थनेला यायची, अंगावर मशीन थंड ठेवायच्या कूलंटचा गोडसर तेलकट वास घेऊन. आत उकडलेल्या हरभऱ्याची वाफ, वर दिवसभर तापलेला पत्रा. हे दोन वास एकत्र आले की माझा पाय अजून जागच्या जागी थांबतो. लोक म्हणतात, काकांना ऊन सोसत नाही आता. मी म्हणू देतो. भट्टीपुढं एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला चैत्राचं ऊन काय करणार. लाज वाटते, म्हणून थांबतो.

त्या वर्षीच्या आधीच्या पावसाळ्यात आमच्याकडं नवीन पाळक आल्या. रेव्हरंड सुलभा घोरपडे. वय चौतीस. वडील बुलढाण्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेत शिपाई, आई बाळंतपणं करायची. बाई दक्षिणेत जाऊन धर्मशास्त्र शिकल्या. वर्गात मुलं वीस आणि ह्या एकट्या. पुढं दीक्षा झाली तेव्हा ह्यांच्या हातून बाप्तिस्मा नको म्हणून दोन घरं लेकरं घेऊन परत गेली, असं त्यांनीच आम्हाला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. ती दोन घरं मला शहाणी वाटली.

सुती साडी, पायात पुरुषी चपला, स्कूटीच्या डिकीत घडी करून ठेवलेला पांढरा झगा. गाणं खालच्या पट्टीत सुरू करायच्या, म्हणजे दिवसभर मशीनच्या आवाजावर ओरडून घसा बसलेल्या माणसालाही म्हणता यावं. हे त्यांचं मला तेव्हाही आवडलं होतं, पण कबूल कुणाकडं करणार. मी उघड विरोध केला नाही. विरोध करायचा तर कारण सांगावं लागतं. मी एवढंच केलं, त्यांच्या आशीर्वादानंतर आमेन म्हणायचं सोडलं. माझा आमेन मोठा असायचा, हॉलमध्ये घुमायचा. तो बंद झालेला त्यांना कळला असणार.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भोसरीपासून तळवड्यापर्यंत आणि पुढं चाकणपर्यंत कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेची ओढाताण होती तेव्हापासूनची रीत, ती आता अंगवळणी पडली आहे. गुरुवारी एमआयडीसी बघण्यापेक्षा ऐकण्यासारखी असते. पॉवर प्रेसचा दणका थांबतो, तेव्हा कळतं की एरवी आपल्या पायाखालची जमीन हलत असते. शेडवरची कबुतरं ऐकू येतात. कुत्रं रस्त्याच्या बरोबर मधे झोपतं आणि कुणाला वळसा घालावा लागत नाही, कारण येतंच कोण. आणि रविवारी? रविवारी सकाळी सातला भोंगा, बसगाड्या, डबे. सगळी दुनिया घरी आणि आमची माणसं मशीनवर.

मी एकतीस वर्षं रविवार सांभाळला. हे माझ्या अभिमानाचं मूळ आहे, म्हणून नीट सांगतो. शनिवारची रात्रपाळी मी मागून घ्यायचो, म्हणजे रविवारी सकाळी मोकळा. घरी येऊन अंगावरची काळी वाळू धुवायची, धुतलेला शर्ट, आणि आठच्या उपासनेला पहिल्या रांगेत. डोळे मिटले की झोप लागायची म्हणून मी प्रार्थनेतही डोळे उघडे ठेवायचो. रविवारची पहिली शिफ्ट लागली तर साहेबापुढं जाऊन उभा. साहेब म्हणायचा, "दाविद, रविवारी सगळ्यांचे देव कामावर येतात, तुझाच काय रजेवर असतो?" माझ्यामागून लागलेले चार जण सुपरवायझर झाले. मी मोल्डिंगलाच राहिलो. वाईट वाटलं नाही. वाटायचं, वरती कुणीतरी हे बघतोय.

आणि एका दुपारी ही बाई माझ्या घरी येते, माझ्या बायकोजवळ, लीलाजवळ, फरशीवर मांडी घालून बसते, तिच्याबरोबर सोलाणे सोलता सोलता म्हणते, "काका, गुरुवारी सकाळी उपासना ठेवली तर?"

"आणि रविवार?"

"रविवारही राहील. मी दोन्ही घेईन. पण महिन्यातून एकदा प्रभूभोजन गुरुवारी. शमुवेलभाऊंसारखी माणसं तीन-तीन वर्षं त्या पंगतीला आलेली नाहीत काका. रविवारी आपल्याकडं बाया, लेकरं आणि रिटायर. कामाचा माणूस एक नाही."

शमुवेल म्हणजे तळवड्याच्या एका छोट्या युनिटमध्ये लेथवर असलेला चाळिशीचा माणूस. त्याचं नाव घेतलं तेव्हाच मला टोचलं. रविवार सांभाळायचा तर सांभाळता येतो, मी नाही का सांभाळला?

"बघू," मी म्हणालो.

लीला म्हणाली, "सुलभाताई, ह्यांचं बघू म्हणजे नाहीच बरं का. आमच्या लग्नालाही हे बघू म्हणाले होते."

"मग तरी लग्न झालंच की," बाई म्हणाल्या. दोघी हसल्या. मग माझ्याकडं वळून, "मी थांबते काका. तुमच्याशिवाय करायचं नाही मला."

तीन आठवडे थांबल्या. पंचांच्या बैठकीत सगळे हो म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "लोकांची इच्छा." म्हणजे मला विचारलं होतं. माझ्या घरी येऊन, माझ्या फरशीवर बसून विचारलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पहिल्या गुरुवारी मांडववाल्याकडून खुर्च्या आणाव्या लागल्या. माणसं इस्त्रीचे शर्ट घालून आली होती, केस ओले, जणू वरातीला निघालेत. प्रभूभोजनाला वेदीपुढं गुडघे टेकून त्यांनी हात पुढं केले. किती धुतले तरी रेघांमधलं काळं न जाणारे हात, माझ्या हातांसारखे. बाई एकेकाच्या तळव्यावर भाकर ठेवत होत्या, आणि प्रत्येकाचं नाव घेत होत्या. शमुवेल बायको आणि दोन मुलींना घेऊन आला होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "काका, तीन वर्षांनी राव."

मी म्हणालो, "का, तीन वर्षांत रविवार आला नाही का?"

तो हसला. त्याला चेष्टा वाटली.

आमच्या मंडळीला दफनभूमी नव्हती. माणूस गेलं की टेम्पो ठरवायचा, दूरवर न्यायचं, तिथल्या लोकांना विनवायचं. बाई म्हणाल्या, आपण जागेसाठी अर्ज करू. पहिल्या कागदावर अर्जाचा मजकूर आणि खाली अर्जदार म्हणून माझी सही. दुसऱ्या कागदावर नुसत्या रेघा, नाव आणि सही, नाव आणि सही. त्या लेंटमध्ये तो अर्ज घेऊन मी घरोघरच्या प्रार्थनेला जायचो. गाणं झालं, वाचन झालं, हरभऱ्याच्या वाट्या फिरल्या की मी कागद पुढं करायचो. ओव्हरटाइमनं डोळे लाल झालेली माणसं, वाचायचं कशाला, काकांनी आणलंय म्हटल्यावर सही करून मोकळी. पाच आठवड्यांत सत्तावीस सह्या झाल्या. पहिली लीलाची. तिला सही करायला मीच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, पाटीवर. तिचा 'ल' अजून माझ्यासारखाच पडतो.

तोवर माझ्या मनात काही नव्हतं, हे खरं. बचाव म्हणून सांगत नाही. उलट मनात आधीपासून असतं तर निदान त्याला काही वजन असतं.

पाचव्या आठवड्यात शमुवेलच्या घरी प्रार्थना होती. वीस माणसं दहा बाय बाराच्या खोलीत. प्रार्थना संपली, चहा आला, आणि मला बोलायची हुक्की आली. मी म्हणालो, "गुरुवार चांगला चाललाय, मी नाही म्हणत नाही. पण प्रभू मेलेल्यांतून उठला तो रविवारी. ते कुणी विसरू नये."

बाई हसून म्हणाल्या, "उठले रविवारीच काका. पण शिष्यांना घेऊन जेवायला बसले ते गुरुवारी."

खोली हसली. शमुवेल मांडीवर थाप मारून हसला. मी लीलाकडं बघितलं. तिनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

एवढंच. एवढंच झालं होतं. शास्त्रातलं आहे आणि खरं आहे. मी तीनदा शास्त्र वाचलेला माणूस, शेवटचं भोजन गुरुवारचं हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. पण माझ्या एकतीस वर्षांच्या रविवारांवर माझी बायको हसली, असं मला वाटलं. आज पंचाहत्तराव्या वर्षी मी त्या खोलीत पुन्हा जाऊन बसतो, तेव्हा मला दिसतं की ती चहाचा ठसका लागावा तशी साधं हसत होती. चांगल्या विनोदाला माणूस हसतं. तेव्हा दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चिंचवड स्टेशनजवळच्या टायपिंगवाल्याकडं गेलो. तो गाववाला गडी. म्हणाला, "काय लिवायचं हाय आजोबा?" मी सांगत गेलो, तो त्याच्या शब्दांत ठोकत गेला. सदर पाळकबाईंनी रविवारची उपासना मोडीत काढली आहे. सदर बाई मंडळीत फूट पाडीत आहेत. सबब खाली सह्या करणारे सभासद विनंती करतात की त्यांना येथून हलवावे. त्यानं विचारलं, "सह्या कुठं हायत?"

"हायत," मी म्हणालो.

घरी येऊन अर्जाची पिन काढली. माझी सही असलेला वरचा कागद बाजूला ठेवला आणि त्या जागी हा नवा लावून पिन पुन्हा टोचली. रजिस्टर पोस्टानं बिशपसाहेबांच्या कचेरीत पाठवलं. पोस्टाबाहेर रसाची गाडी होती. मी आलं-लिंबू घालून एक मोठा ग्लास रस प्यालो. चव अजून आठवते. चांगला होता रस. ही गोष्ट मी चौदा वर्षं कुणाला सांगितली नाही, कारण पापापेक्षा त्या रसाची मला जास्त शरम वाटते.

ईस्टरनंतर हुकूम आला. बाईंना कचेरीत बोलावून सह्यांचा कागद दाखवला म्हणे. दोन दिवसांत सामान बांधून गेल्या, डोंगरातल्या एका आदिवासी पाड्याच्या मंडळीत. कुणाचा निरोप घेतला नाही. लोक विचारायला लागले. मी म्हणालो, "परदेशी जायच्या खटपटीत असतील. शिकलेल्यांचं असंच." गुरुवारची उपासना बंद झाली, घ्यायला माणूस नव्हता. शमुवेल रजा टाकून दोन रविवार आला, मग येईना. रस्त्यात भेटला की मान हलवायचा. दफनभूमीचा अर्ज कधी गेलाच नाही. सह्यांचा कागद दुसरीकडं गेला होता, पुन्हा सह्या गोळा करायच्या तर पहिल्यांचं काय झालं हे सांगावं लागलं असतं. त्या सत्तावीसांतले पाच जण मधल्या काळात गेले. पाचही जणांना टेम्पोतून दूर नेलं. प्रत्येक वेळी टेम्पोत मी पुढं, ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. पंच म्हणून.

लीला बरेच दिवस म्हणायची, "भेटूनसुद्धा गेली नाही हो." मग म्हणेनाशी झाली. तिनं नावच घेणं सोडलं. लीलाचा राग असाच असतो, आवाज नसलेला.

बाईंची खबर चर्चच्या मासिकातून यायची. चार वर्षं त्या पाड्यावर, उपासनेला जायला चार मैल चालणं. तिथं मुलींची रात्रशाळा काढली. मग जर्मनीला गेल्या, विसावा आणि श्रम ह्या विषयावर डॉक्टर झाल्या. परत येऊन पाळक होणाऱ्यांना शिकवू लागल्या. पुस्तक लिहिलं. दोन वर्षांपूर्वी बिशप झाल्या, आमच्या भागात बाई बिशप पहिलीच. फोटो आला तेव्हा लीला बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "मोठी झाली. मोठी माणसं विसरतात." मी चहाचा घोट घेतला. गरम नव्हता, तरी फुंकला.

एक गोष्ट मला कळत नव्हती. दर नाताळाला त्यांचं कार्ड यायचं, पाड्यावरून, जर्मनीहून, कुठूनही. फक्त माझ्या नावानं. दोन ओळी, काका, तब्येत सांभाळा, तुमची आठवण येते. लीला म्हणायची, "तुम्हालाच कशी लिहिते? सोलाणे माझ्याबरोबर सोलले होते." मला वाटायचं बाईंना सगळं कळलंय आणि त्या मला कार्डानं मारतायत. म्हणून कार्डं मी पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकायचो.

गेल्या नाताळात त्यांचं पुस्तक मंडळीत आलं. एकच प्रत. पंच म्हणून पहिल्यांदा मी नेली. अवघड पुस्तक, ओळीखाली बोट ठेवून दिवसाला दोन पानं. सहाव्या प्रकरणाशी येईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. त्यात लिहिलं होतं की एका कारखान्यांच्या गावात आपण लोकांच्या भल्यासाठी लोकांचा वार बदलला, आणि सत्तावीस जणांनी सह्या करून आपल्याला परत पाठवलं. पुढं बाईंचेच शब्द: पहिली सही जिच्या घरी जेवले तिची होती. ती माणसं चुकली नव्हती, चूक माझी, मी त्यांना खरं विचारलंच नव्हतं. पाळकानं आधी ऐकावं हे मला त्या सत्तावीस जणांनी शिकवलं. आणि शेवटी हे होतं: तिथल्या वृद्ध पंचांची सही मात्र त्या कागदावर नव्हती. त्या एका नसलेल्या सहीच्या आधारावर मी पुष्कळ दिवस काढले.

माझं बोट त्या ओळीखाली किती वेळ होतं, सांगता येणार नाही. लीला म्हणाली, "झोपलात का?"

साच्यात खोट असली की ओतीव वस्तूत ती उतरते, हे मला शिकवायला कुणी नको. पण इथं तर खोट्या साच्यातून बाईंनी चांगली वस्तू काढली होती. नवे पाळक आज ते प्रकरण शिकतात, आधी लोकांना विचारायला लागतात. कुणी म्हणेल मग बिघडलं कुठं. मीही महिनाभर स्वतःला असंच म्हणालो. पण ज्या बाईनं माझ्या फरशीवर बसून विचारलं होतं, तिनं आपण विचारलंच नाही असं छापून कबूल केलं होतं. माझं पाप तिनं स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि मला पुण्यवान ठरवलं होतं. माझा गर्व मोठा आहे, पण एवढं खोटं पुण्य त्यालाही पचेना.

ह्या लेंटमध्ये झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, त्या आमच्याकडं आल्या, मुलामुलींच्या दृढीकरणाला, म्हणजे त्यांना मंडळीचे पुरे सभासद करून घ्यायला. हॉल आता पक्का झाला आहे, वरून मेट्रोचा आवाज येतो. केस पांढरे झालेले, गळ्यात क्रूस, चपला मात्र तशाच. उपासना झाल्यावर लोक भेटायला गेले. लीला मागं उभी होती. गर्दी सरकत सरकत दोघी समोरासमोर आल्या.

"कशा आहात लीलाबाई?"

"बरी आहे. तुम्ही?"

"बरी आहे."

दोघींनी हात जोडले आणि बाजूला झाल्या. बस. ओळखदेख नसलेल्या बायासुद्धा नळावर ह्यापेक्षा जास्त बोलतात. मी खांबाशी उभा राहून ते बघितलं. मग पाळकांच्या खोलीत गेलो. त्या झगा घडी करत होत्या, एकट्याच.

"या काका, या. तुम्हालाच शोधत होते. बसा."

मी बसलो नाही. "त्या सह्या दफनभूमीच्या होत्या," मी म्हणालो.

"कुठल्या?"

"सत्तावीस. लोकांनी दफनभूमीच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. वरचा कागद मी बदलला."

त्यांनी घडी घातलेला झगा उलगडला आणि पुन्हा घडी घालायला लागल्या. बाहेर पोरं झावळ्या घेऊन एकमेकांच्या मागं पळत होती.

"लोकांना ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

"लीलाबाईंना?"

मी नकाराची मान हलवली.

त्या खाली बसल्या. मी क्षमा मागायला आलो होतो, शब्द घरून जुळवून आणले होते. तोंडातून आलं ते असं, "झालं ते झालं."

"झालं कुठं काका? चालू आहे. आत्ता बाहेर माझ्यात आणि लीलाबाईंच्यात काय चाललं होतं मग?" आवाज चढला नव्हता. "बदलीचं मला काही नाही. बदल्या होतात. पाड्यावर मी पुष्कळ शिकले. पण माझी माणसं का घेतलीत?"

मग त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. लीला दाविद खरात. शमुवेल... कागद नाही, काही नाही, ज्या क्रमानं सह्या होत्या त्या क्रमानं सत्तावीस नावं. मेलेल्या पाचांसकट.

"रोज सकाळी प्रार्थनेत घेते ही नावं. चौदा वर्षं. क्षमा करायचा सराव म्हणून," त्या म्हणाल्या. "ज्यांनी काही केलंच नव्हतं, त्यांना मी रोज क्षमा करत होते काका. लीलाबाईंच्या नावाशी तर मी फार भांडले. आणि तुमचं नाव आलं की उपकारस्तुती."

मी म्हणालो, "मी जातो."

"थांबा. तुम्हाला क्षमा केली असं मी आज म्हटलं तर ते खोटं होईल, आणि खोटं पुष्कळ झालं. मला वेळ लागेल. माझ्यासाठी प्रार्थना करा." मग झगा बाजूला ठेवून, "गुडघे दुखतात का? पायरी बघून उतरा."

घरी येताना लीला रिक्षात म्हणाली, "किती परक्यासारखी बोलली, बघितलं ना." मी बघितलं होतं. दिवसभर मी तोंड उघडू शकलो नाही. पंचाहत्तर वर्षांत मी साहेबापुढं उभा राहिलो, युनियनपुढं राहिलो, भट्टीपुढं राहिलो. स्वतःच्या बायकोपुढं खरं बोलायला उभं राहायची वेळ मी कधी येऊच दिली नव्हती. तिनं वाढलेलं मी जेवलो. ती म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे का? काही बोलत नाही." मी म्हणालो, बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लीला पहिला चहा गाळत होती तेव्हाच मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं, टायपिंगवाला, पिन, रस, पुस्तक, खोलीतलं बोलणं. मधे तिनं गॅस बंद केला, एवढंच. गाळणी तिच्या हातातच होती.

"म्हणजे तिला वाटलं, मी नको म्हणाले."

"हो."

"रोज सकाळी?"

"हो."

"नंबर आहे तिचा?"

दृढीकरणाच्या कार्यक्रमाच्या कागदामागं छापलेला होता. मी चष्मा लावून एकेक आकडा दाबला. पलीकडं घंटी वाजायला लागली तसा फोन तिच्या हातात दिला, आणि दार ओढून घेऊन बाहेर गल्लीत जाऊन उभा राहिलो.